दोन देशांच्या मधे

ट्रकने माल जातो, माणसे जात नाहीत, अशी आमच्या घरात ठाम समजूत आहे. त्यामुळे नैरोबीहून केपटाउनपर्यंत मी ट्रकने जाणार, असे २०१८ च्या फेब्रुवारीत एका रात्री जेवताना जाहीर केले, तेव्हा सौ.ने आमटीची पळी तशीच हातात धरून विचारले, "ट्रकनं? आणि बरोबर कुणाचं सामान पोचवायचंय?"

आईने मात्र माझी बाजू घेतली. "जातात की माणसं ट्रकनं," ती म्हणाली. "माझ्या लग्नाचं वऱ्हाड ट्रकनंच आलं होतं. सगळ्यांचे कपडे धुळीनं लाल." एवढे बोलून तिने ताक मागितले आणि विषय संपला. माझ्या दृष्टीने तो तिथे सुरू झाला.

आता तुम्ही विचाराल, मराठीच्या मास्तराला आफ्रिकेत कशाला कडमडायला हवे होते? खरे कारण सांगितले तर हसाल. मला एक शब्द पाहायचा होता. स्वाहिली भाषेत मोटारगाडीला 'गारी' म्हणतात. तो शब्द आपल्या 'गाडी'चाच. हिंदुस्थानी व्यापाऱ्यांबरोबर तो समुद्र ओलांडून गेला आणि तिथे घर करून राहिला. शब्दकोशात त्याच्या शेजारी आणखी सोयरेधायरे दिसले. 'दुका' म्हणजे दुकान, 'पेसा' म्हणजे पैसा, 'बिमा' म्हणजे विमा, 'बराफू' म्हणजे बर्फ, 'साबुनी' म्हणजे साबण, आणि 'सेरिकाली' म्हणजे दुसरे तिसरे काही नसून सरकार! यांतले काही अरबी-फारसीच्या वाटेने दोघांकडे वेगवेगळे पोहोचले, काही थेट आपल्या किनाऱ्यावरून गेले. कोशातला शब्द म्हणजे पिंजऱ्यातला पक्षी; तो रानात कसा बोलतो ते ऐकावे, असे फार दिवस मनात होते. विमानाने गेलो असतो तर दोन विमानतळ पाहून परत आलो असतो. घराचे रंगकाम एक वर्ष पुढे ढकलले, उन्हाळ्याच्या सुटीला बिनपगारी रजेचे शेपूट जोडले, आणि मे महिन्यात नैरोबीला त्या ट्रकसमोर जाऊन उभा राहिलो.

ट्रक म्हणजे खरोखरच ट्रक. पुढे चालकाची केबिन, मागे हौद्याच्या जागी पत्र्याची उंच खोली. तिला खिडक्यांऐवजी गुंडाळता येणारे ताडपत्रीचे पडदे. शिडीने वर चढायचे. बाकांखाली आपापल्या पिशव्या, छतावर तंबू, पोटाखाली कुलपांची कपाटे. एका कपाटाचे दार आडवे पाडले की ते स्वयंपाकाचे टेबल, दुसऱ्यात पाण्याची टाकी, तिसऱ्यात कोळसा, कांदे आणि बटाटे. अशा ट्रकांची परंपरा जुनी आहे. १९७० च्या सुमारास लंडनची तरुण मंडळी लष्कराने मोडीत काढलेल्या बेडफर्ड लॉऱ्या घेऊन सहारा ओलांडत, काँगोच्या चिखलातून नैरोबीला येत. चाक वाळूत रुतले की खाली सरकवायला भोके पाडलेले लोखंडी पत्रे बाजूला लटकवलेले असत. महायुद्धात विमानांसाठी कच्च्या धावपट्ट्या ज्या पत्र्यांनी करत, तेच हे. १९९२ पासून अल्जीरियात यादवी माजली, १९९६ मध्ये झाईरमध्ये युद्ध पेटले, आणि तो रस्ता मोडला. मग नैरोबीहून दक्षिणेला उतरणारा रस्ता लोकप्रिय झाला. केनिया, टांझानिया, मलावी, झांबिया, बोट्स्वाना, नामिबिया आणि दक्षिण आफ्रिका असे सात देश, सहा सीमा आणि सुमारे सात हजार किलोमीटर.

आमच्या ट्रकात अठरा प्रवासी होते. इंग्रज, जर्मन, डच, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे एक जोडपे, एक कोरियन मुलगी, आणि मी. वये एकोणीसपासून एकाहत्तरपर्यंत. एकाहत्तरीचे गृहस्थ उत्तर इंग्लंडातले निवृत्त पोस्टमन. जन्मभर पत्रे वेळेवर टाकल्यामुळे त्यांना उशीर म्हणजे गुन्हा वाटे. गाडी पाच मिनिटे उशिरा हलली की ते मनगटावरचे घड्याळ कानाशी नेऊन ते चालते आहे ना याची खात्री करून घेत, आणि ही खात्री ते नेमकी माझ्याकडे पाहत करून घेत. माझा तंबू सर्वांत शेवटी आवरला जात असे, हे मी नाकारत नाही.

आमचा चालक केनियन होता, अंगाने आडवा, बोलण्यात मोजका. पहिल्या संध्याकाळी त्याने आम्हांला गोल बसवून तीन नियम सांगितले. प्रत्येकाने सामाईक डब्यात सारखे पैसे टाकायचे. बाजार त्यातूनच होईल. तिघातिघांच्या टोळ्या पाळीपाळीने स्वयंपाक करतील, भांडी घासतील आणि ट्रक झाडतील. आणि सीमेवर कोणाची कागदपत्रे अडली तर गाडी थांबणार नाही. त्याने मागून बस पकडून यावे. तिसरा नियम सांगताना त्याने कोणाकडे पाहिले नाही. पण सतरा जणांचे पासपोर्ट ज्या देशांचे होते त्यांना बहुतेक ठिकाणी दारातच शिक्का मिळे, आणि माझ्या पासपोर्टात मुंबई-दिल्लीला खेटे घालून आधी मिळवलेले व्हिसे चिकटवलेले होते. तिसरा नियम कोणासाठी आहे हे सगळ्यांना कळले. मला तर सर्वांत आधी.

एक गंमत सांगायची राहिली. ताटे पुसायला फडके वापरायचे नाही, फडक्यात रोगजंतू वाढतात. ताटे दोन्ही हातांत धरून हवेत हलवायची, वाळेपर्यंत. दिवस मावळताना माळरानावर अठरा माणसे दोन्ही हातांत ताटे घेऊन डोलत आहेत, हे दृश्य मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला दिंडीतले टाळकरीच आठवले. फक्त अभंग कोणी म्हणत नव्हते.

नैरोबी हे गावच मुळी रेल्वेसाठी १८९९ मध्ये वसले. मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवराकडे जाणारा तो लोहमार्ग बांधायला १८९६ पासून बत्तीस हजारांच्या आसपास हिंदी मजूर, बहुतेक पंजाबातले, नेले गेले. अडीच हजार तिथेच संपले. मागे उरले त्यांच्यात आणि नंतर आलेल्या गुजराती व्यापाऱ्यांत तुमच्या-माझ्या शब्दांची वाहतूक झाली. १९२० पर्यंत तिथले नाणे रुपया होते, मग 'पेसा' रुळला यात नवल ते काय? रस्त्यावरची पोरे ट्रक दिसला की "म्झुंगू! म्झुंगू!" म्हणजे गोरा, गोरा, असे ओरडत धावत येत. मला पाहून क्षणभर थबकत, आणि मग नव्या उत्साहाने "म्हिंदी!" असे ओरडत. माझी जात त्यांना बरोबर ओळखू येई. इरिंगा गावात एका 'दुका'त मी हळद मागितली, तेव्हा गल्ल्यावरच्या गुजराती आजींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून विचारले, "ट्रकमां? घरे कोई नथी?" घरी सगळे आहेत, असे सांगितल्यावर त्यांना अधिकच वाईट वाटले. मी हळद, जिरे आणि दोन किलो डाळीचे पीठ घेतले. डाळीचे पीठ कशाला घेतले ते तेव्हा माझे मलाही ठाऊक नव्हते. परदेशात मराठी माणसाच्या हाताला सवय असते, एवढेच.

वेळेचाही एक घोळ झाला. बाजारात एकाने मला सांगितले की बस 'सा मोजा', म्हणजे एक वाजता, सुटते. मी एकला गेलो तर ती सकाळी सातलाच सुटून गेलेली. स्वाहिली घड्याळ सूर्याबरोबर सुरू होते; उजाडल्यावर पहिला तास संपला की एक वाजतो. आपले प्रहर आणि घटका सूर्योदयापासून मोजणाऱ्या आजोबांना हे लगेच कळले असते.

इरिंगाच्या अलीकडे रस्ता गोरखचिंचेच्या झाडांतून जातो. आपल्याकडे एखाद्या देवळाजवळ किंवा जुन्या किल्ल्यात एखादीच गोरखचिंच असते. तिच्याखाली कोणी साधू बसला होता अशी कथा असते. इथे डोंगरच्या डोंगर. हत्तीच्या पायासारखे बुंधे, वर मुळांसारख्या फांद्या. आमच्याकडच्या त्या एकट्या झाडाचे माहेर हेच, हे पाहून मला उगाच भरून आले. पोस्टमनने घड्याळ पाहिले.

हाच रस्ता एके काळी 'नरकाची धाव' म्हणून ओळखला जाई. ११ नोव्हेंबर १९६५ ला ऱ्होडेशियातल्या गोऱ्या सरकारने परस्पर स्वातंत्र्य जाहीर केले, आणि वर्षभरापूर्वीच स्वतंत्र झालेल्या झांबियाची तेलाची दक्षिणेकडची वाट तुटली. तेव्हा दारेसलामहून या कच्च्या रस्त्याने तेलाची पिंपे भरलेले ट्रक वर जाऊ लागले आणि परतताना तांबे आणू लागले. पावसाळ्यात रस्ता म्हणजे लाल राब, कडेला उलटलेल्या गाड्या. १९६८ मध्ये तेलाची नळवाट झाली, आणि १९७० ते १९७५ या काळात चीनने १,८६० किलोमीटरचा लोहमार्ग बांधून दिला. आज रस्ता डांबरी आहे. पण माल अजून बराचसा ट्रकनेच जातो. आम्ही एक ट्रकवाले, हौशी. आणि समोरून, मागून, बाजूने शेकड्यांनी जाणारे खरे ट्रकवाले. त्यांच्याकडे पाहताना मला आमच्या गाडीची थोडी लाज वाटे. वऱ्हाडाला ओझेवाल्याची वाटते तशी.

याच खंडात १९२४ च्या सप्टेंबरात कोर्ट ट्रीट नावाचे एक मेजर आणि त्यांची पत्नी स्टेला क्रॉसली कंपनीच्या दोन गाड्या घेऊन केपटाउनहून निघाले, ते १९२६ च्या जानेवारीत कैरोला पोहोचले. सोळा महिने! नद्यांवर स्वतः ओंडक्यांचे पूल बांधत, गाड्या दोरांनी ओढत. पण त्यांच्या वाटेतला बहुतेक मुलूख एकाच साम्राज्याचा होता. त्यांच्यापुढे नद्या होत्या, माझ्यापुढे खिडक्या होत्या. जाळीच्या, पलीकडे शिक्का असलेल्या.

खिडक्या बदलत; ताटातले बदलत नसे. केनिया-टांझानियात मक्याच्या पिठाची घट्ट उकड 'उगाली' म्हणून खाल्ली. सीमा ओलांडली, मलावीत तिचे नाव 'न्सीमा'. पुढची सीमा ओलांडली, झांबियात 'न्शिमा'. शेजारच्या झिंबाब्वेत म्हणे 'साड्झा'. आणि दक्षिण आफ्रिकेत तिला चक्क 'पाप' म्हणतात! हे मी घरी पत्रात कळवले, तेव्हा आईने उलट विचारले की तू रोज किती खातोस. मलावीत गाडीला 'गालिमोटो' म्हणतात. तारेच्या खेळण्यातल्या गाडीलाही तेच नाव. एका मुलाने चपलेच्या रबराची चाके लावलेली स्वतः वाकवलेली गालिमोटो मला दाखवली. तिचे सुकाणू लांब काठीने उभ्याउभ्या फिरे. आमच्या ट्रकाकडे बोट दाखवून तो म्हणाला, तुमचीही गालिमोटो. मी मान डोलावली. शब्द चांगला धडधाकट होता.

आणि मग ती सीमा आली. सहांपैकी कोणती ते लिहीत नाही. त्या खिडकीतल्या माणसाने मला काही शिवी दिली नाही की पैसे मागितले नाहीत. अलीकडच्या देशातून आम्ही बाहेर पडल्याचा शिक्का घेतला, अर्धा फर्लांग चाललो, पलीकडच्या कचेरीत रांग लावली. सतरा जण पंधरा मिनिटांत पार. ट्रकलाही स्वतःचा पासपोर्ट असतो, त्याला कार्ने म्हणतात. त्याच्यावरही शिक्का बसला. माझा पासपोर्ट त्या गृहस्थांनी उलटसुलट पाहिला, व्हिसा नखाने खरवडून पाहिला, आणि म्हणाले, "राजधानीतून फोन यायला हवा. बसा."

मी बसलो. दुपारचे साडेबारा. दीड वाजला, तीन वाजले. भिंतीवर हत्तींचे चित्र आणि राष्ट्राध्यक्षांची तसबीर. अपमान वगैरे काही वाटला नाही, अशा कचेऱ्यांत बसायची आपल्याला सवय आहे. मेल्याहून मेल्यासारखे झाले ते वेगळ्याच कारणाने. बाहेर उन्हात सतरा माणसे माझ्यामुळे खोळंबली होती. 'माझ्यामुळे' हा शब्द मध्यमवर्गीय मराठी माणसाला फार जड जातो. दुसऱ्याने आपल्यासाठी दहा मिनिटे थांबावे यापेक्षा आपण दहा तास थांबलेले त्याला परवडते. चार वाजता मी बाहेर जाऊन चालकाला म्हटले, "तुम्ही निघा. मी बसने येतो. नियम आहे."

त्याने पोस्टमनकडे पाहिले. का, कोण जाणे. कदाचित वडीलधारे म्हणून. पोस्टमनने घड्याळ कानाशी नेले, थोडा वेळ ऐकले, आणि मग काही न बोलता ते ट्रकच्या शिडीवर चढले आणि छतावरून पहिला तंबू खाली टाकला. तो माझा होता.

सहाला दोन्हीकडची फाटके बंद झाली. आम्ही मधल्या पट्टीत, कोणत्याच देशात नाही. चहूकडे मालाच्या ट्रकांची रांग, त्यांच्या चाकांआड शेगड्या पेटलेल्या. आणि त्या रात्री स्वयंपाकाची पाळी कोणाची असावी? माझ्या टोळीची. बाजार पलीकडच्या गावात करायचा होता, कपाटात कांदे आणि मक्याचे पीठ तेवढे उरलेले. तेव्हा मला ते डाळीचे पीठ आठवले.

कोरियन मुलीने कांदे चिरले. जर्मन मुलाने उकड घोटली. घोटायला त्याच्याइतके बळकट मनगट ट्रकात दुसरे नव्हते. मी आयुष्यात पहिल्यांदा अठरा माणसांचे पिठले केले. फोडणीचा वास उठला तसा शेजारच्या ट्रकखालून एक चालक उठून आला. टांझानियाचा, पन्नाशीचा, पायांत टायरच्या चपला. पातेल्यात डोकावून म्हणाला, "उंगा वा देंगू!" म्हणजे डाळीचे पीठ. आणि मग बोटांनी तळण्याची खूण करून, "बाजिया?"

भजी! मी त्याला म्हटले, भजी नाही, तेल कमी आहे. तो म्हणाला, याला काय म्हणतात? मी म्हटले, पिठले. त्याने दोनदा म्हणून पाहिले. 'ठ' काही जमला नाही, पण तेव्हा मला त्याच्यात दुरुस्ती करावीशी वाटली नाही, आणि वर्गात मी 'ण'साठी मुलांना उभे करतो. त्याला ताट वाढले. उकडीचा गोळा तळहातावर वळून, अंगठ्याने खळगा पाडून, त्यात पिठले भरून तो जेवला. त्याचे पाहून बाकीच्यांनी काटे-चमचे खाली ठेवले. पोस्टमननी दोनदा घेतले. हिरवी मिरची नव्हती हे बरे झाले, नाहीतर पोस्टमन पुन्हा घड्याळाकडे वळले असते.

तो चालक चार दिवस त्या रांगेत होता. कागदांचा काहीतरी घोळ. "हे काहीच नाही," तो म्हणाला. "कझुंगुलाला मी नऊ दिवस काढलेत." तक्रारीचा सूर नव्हता, आपण पावसाचे सांगतो तसे त्याने सांगितले. दोन मुली शिकतात, एक नर्स होणार आहे. घरी किती दिवस असतोस, विचारले तर बोटे मोजायला लागला आणि मधेच सोडून दिले. मग ताट घासून दिले आणि, आमच्या मंडळींचे पाहून, दोन्ही हातांनी हवेत हलवून वाळवले. सगळा मालट्रकांचा तळ त्याला हसला.

सकाळी साडेसातला खिडकीत दुसराच कारकून होता. त्याने माझा व्हिसा पाहिला आणि शिक्का मारला. दोन मिनिटेही लागली नाहीत. फोन आला होता की नाही, मी विचारले नाही. आमचा ट्रक हलला तेव्हा तो टांझानियाचा ट्रक तिथेच होता. चालक बोनेटवर चढून काच पुसत होता. त्याने फडके हलवले.

कझुंगुलाला आम्ही काही दिवसांनी पोहोचलो. तिथे झांबेझी नदीवर झांबिया आणि बोट्स्वाना यांची हद्द जेमतेम दीडशे मीटर एकमेकींना शिवते. एका बाजूला झिंबाब्वे, दुसऱ्या बाजूला नामिबिया टेकलेला. तराफ्यावर एका खेपेला एखाददुसरा मोठा ट्रक मावे, आणि किनाऱ्यावर मालट्रकांची रांग नजर पोहोचेल तिथपर्यंत. प्रवासी गाड्यांना पुढे घेत, म्हणून आम्ही दोन तासांत पार झालो. त्या रांगेच्या कडेने पुढे सरकताना ट्रकात कोणी बोलत नव्हते. पलीकडे बोट्स्वानात गुरांच्या रोगासाठी जंतुनाशकात जोडे बुडवावे लागले. प्रत्येकाने पिशवीतून जास्तीचे जोडेही काढून बुडवले. मागे वळून पाहिले तर पात्रात नव्या पुलाचे खांब उभे राहत होते. पूल सरळ जात नाही, झिंबाब्वेची हद्द चुकवायला मुद्दाम वाकवलेला आहे.

पुढे ओकावांगो झाला, नामिबियाची वाळू झाली, केपटाउनचा सपाट माथ्याचा डोंगर झाला. ते सर्व छान होते. त्याची चित्रे तुम्हांला कुठेही मिळतील. सतरा जणांपैकी पोस्टमनची पत्रे अजून येतात, कागदावर, तिकीट लावून, आणि दिवाळीच्या आदल्या आठवड्यात न चुकता. हाही एक वेळेवर येणारा दिवाळी अंकच म्हणायचा.

१० मे २०२१ रोजी तो ९२३ मीटरचा पूल वाहतुकीला खुला झाला. घरात बसून राहण्याचे दिवस होते. बातमीच्या चित्रात पहिले ट्रक पुलाच्या वळणावरून जाताना दिसत होते. मी चष्मा लावून एकेक केबिन पाहिली. सौ.ने विचारले, "कोण ओळखीचं आहे का त्यात?"

मी म्हटले, "पिठलं कर आज."